मेळघाटच्या थंडीत जीप कशी सुरू होते?



मागच्या हंगामाच्या सणाला मी अकोल्याला होते. उपासनेनंतर आवारात चहा चालला असताना मंडळीतले एक ज्येष्ठ बंधू माझ्याजवळ आले. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. त्याने पाठवलेला एक व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर दाखवला. चार फुगीर टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची एक बुटकी गाडी गुडघाभर बर्फातून धावत होती. "ताई, आपल्या मेळघाटच्या कामासाठी असली गाडी का घेत नाही? मंडळीत वर्गणी काढू आपण," ते म्हणाले. त्यांचा हेतू इतका चांगला होता की तिथल्या तिथे "नको" म्हणणे मला जमले नाही. वार्तापत्रातून सविस्तर उत्तर देते, असे मी कबूल केले. तेच हे उत्तर. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

त्या गाडीला ऑल टेरेन व्हेईकल, थोडक्यात एटीव्ही म्हणतात. बर्फ, वाळू, चिखल, शेत अशा कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी. एकट्या माणसाला कुरणाचे कुंपण पाहून यायचे असेल किंवा जंगलातून फेरी मारायची असेल, तर ती उत्तमच. पण आमच्या कामात गाडीत कोण बसते ते पाहा. एक आडवी झोपलेली बाळंतीण, तिची सासू, आशाताई, कधी सलाईनची बाटली धरून उभा राहिलेला नवरा, आणि बहुतेक वेळा "मी पण येतो" म्हणणारा एखादा दीर. एटीव्हीवर यातले फार तर दोघे बसतील, तेही उघड्या वाऱ्यात. शिवाय अशा बहुतेक गाड्यांना आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची नोंदणी मिळत नाही. आणि आमचा निम्मा प्रवास तर परतवाड्याच्या डांबरी रस्त्यानेच होतो. म्हणून आमच्यासाठी जुनी, चारही चाकांना जोर देणारी डिझेल जीपच बरी.

मात्र त्या व्हिडिओतली एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली. मुलाने सुरुवातीला बटण दाबले, गाडी कण्हली आणि थांबली. दुसऱ्यांदा तसेच. तो हसला, तिसऱ्यांदा दाबले, तेव्हा ती सुरू झाली. त्याच्यासाठी तो सुट्टीच्या दिवसाचा खेळ होता. मला मात्र तो आवाज ऐकून पोटात कसेसेच झाले.

वऱ्हाडात थंडीने गाडी अडते असे सांगितले तर अकोलेकर हसतील. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्यांनी हसणे साहजिकच आहे. पण सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेवर चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, आणि पायथ्याचे परतवाडा ३७० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे घाट चढून आलात की नुसत्या उंचीमुळेच चार-पाच अंशांचा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्या केंद्राच्या ओसरीतला थर्मामीटर पहाटे पाच-सहा अंश दाखवतो. खोलगट जागी तर गारठा आणखी असतो. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. सिपना नदीच्या खोऱ्यातले सेमाडोह चिखलदऱ्यापेक्षा बरेच खाली आहे, तरीही तिथल्या पहाटे बोटे बधिर करतात, त्याचे कारण हेच.

लडाखमध्ये किंवा कॅनडात उणे तीसमध्ये गाड्या चालतात, मग पाच अंशांचे काय कौतुक, असे कोणी विचारेल. तिथली गाडी, तिथले तेल आणि तिथला माणूस थंडीसाठी तयार असतो. कॅनडात इंजिनला विजेचा हीटर असतो. रात्री त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवतात, कार्यालयांच्या पार्किंगमध्येही तशी सोय असते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत ओतता येईल असे खास हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होते. आमची जीप मात्र दहा महिने उन्हाळा-पावसाळ्याच्या हिशेबाने जगते आणि दोन महिने अचानक डोंगरावरच्या थंडीत सापडते.

आता ती रात्र सांगते. चार वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. आमचे ड्रायव्हर, ज्यांना केंद्रात सगळेच मामा म्हणतात, घरच्या लग्नासाठी सुट्टीवर होते. गाडी माझ्या हवाली होती. मी चालवायला मामांकडूनच शिकले आहे. पहाटे साडेतीनला एका ढाण्यावरून दोन तरुण टॉर्च घेऊन चालत आले. (कोरकूंच्या छोट्या वस्तीला इकडे ढाणा म्हणतात.) वहिनीच्या कळा रात्रीपासून चालू होत्या, पाणी गेले होते, आणि आशाताईंनी "आता थांबायचे नाही, अचलपूरला न्यायचे" असा निरोप दिला होता. बैलगाडीने तिला फाट्यापर्यंत आणत होते. मी किल्ली फिरवली. घर्र. घर्र. टक. दिव्यांचा उजेड पिवळा पडला. पुन्हा मारला तर नुसते टक.

दिवाळीपासून सेल्फ जड फिरतो आहे हे मला माहीत होते. मामांनी दोनदा सांगितलेही होते. नवी बॅटरी मार्चनंतरच्या बजेटात धरू, असे मीच म्हटले होते. दुपारच्या उन्हात गाडी सुरू होत होती, त्यामुळे सगळे ठीक आहे असे मला वाटत राहिले. भरीत भर म्हणून आदल्या संध्याकाळी मी गाडी सपाटीवर, उघड्यावर, उत्तरेच्या वाऱ्यात लावली होती.

त्या दोघांनी, वसतिगृहातल्या चार मोठ्या मुलांनी आणि मी, असे सातजणांनी मिळून जीप ढकलत फाटकाबाहेरच्या उतारापर्यंत नेली. दोनदा धक्का वाया गेला. तिसऱ्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर पांढऱ्या धुराचा लोट टाकत ती सुरू झाली. या सगळ्यात ४० मिनिटे गेली. फाट्यावर बैलगाडी कधीची येऊन थांबली होती, आणि ती बाई उघड्यावर, दोन घोंगड्यांत, कण्हत पडली होती. घाट अर्धा उतरला तेव्हा आशाताईंनी मागून "ताई, गाडी बाजूला घ्या" म्हटले, आणि मुलगी जीपमध्येच जन्माला आली. ती रडली, पण हातपाय थंडगार होते. रुग्णालयात पोचल्यावर तिला लगेच वॉर्मरखाली ठेवले. मायलेकी आठवड्याने सुखरूप घरी गेल्या, देवाची स्तुती असो. पण मी ती ४० मिनिटे विसरलेले नाही. मामा परत आल्यावर मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, गाडी सकाळी सुरू होत नाई. ते आदल्या रातीच सुरू होते."

त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ मी पुढच्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या हाताखाली शिकले. तोच आता सांगते.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा साधारण विसाव्या भागाइतक्या जागेत दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते ना, तेच इथे मोठ्या प्रमाणात घडते. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंडगार असले की सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. त्यातच सेल्फ सावकाश फिरला तर हवा दाबायला वेळ लागतो, तेवढ्यात थोडी हवा पिस्टनच्या बाजूने निसटते आणि उरलेली आणखी थंड होते. म्हणजे डिझेल गाडी सुरू होणे हे शेवटी सेल्फ किती जोरात फिरतो यावर येऊन ठरते. सेल्फला जोर देते बॅटरी. आणि थंडीत नेमका तिचाच जोर कमी होतो. आतली रासायनिक क्रिया मंदावते, गोठणबिंदूपाशी तर साधारण एक तृतीयांश ताकद गेलेली असते. दुसरीकडे इंजिनमधले ऑईल घट्ट झाल्यामुळे फिरवायला लागणारा जोर वाढलेला असतो.

इथे मामांचे दुसरे म्हणणे सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या लेखात तेच सर्वात महत्त्वाचे आहे. मेलेल्या बॅटरीकडे पाहून मी थंडीला दोष देत होते. मामा म्हणाले, "थंडीनं नाई मारली तिले. उन्हाळ्यानंच मारली. थंडीनं निस्तं सांगतलं आपल्याले." परतवाड्याच्या बॅटरीवाल्या मिस्त्रीनेही नंतर हेच समजावले. उष्णतेत बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या लवकर गंजतात आणि पाणी उडते. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. आमची जीप एप्रिल-मेमध्ये सामान आणायला, बैठकांना अमरावती-अकोल्याच्या उन्हात तासन्‌तास उभी असते. बॉनेटखाली त्या वेळी काय होत असेल याची कल्पना करा. पण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते, म्हणून अर्धमेली बॅटरीही काम निभावून नेते. तिचे खरे रूप जानेवारीतच उघडे पडते. तेव्हा मेळघाटात गाडी चालवणाऱ्यांनी बॅटरी तपासायची ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने पाहावे. १२.६ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती बदला, पुढच्या बजेटाची वाट पाहू नका. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी बॅटरी भरत नाही, उलट दर वेळच्या सेल्फने रिकामी होत जाते. आठवड्यातून एकदा तरी घाट उतरून येण्याइतकी लांब फेरी तिला लागते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर बॅटरी नवी असूनही उपयोग नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी, घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढावी. हे काम आमच्या वसतिगृहातली मुलेसुद्धा आता नीट करतात.

ऑईलबद्दल. डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा सांगतो. आम्ही २०डब्ल्यू सोडून १५डब्ल्यू-४० वर आलो. चाळीसचा आकडा तसाच ठेवला, कारण तीच गाडी मे महिन्यात अकोल्यालाही जायची आहे. गाडीच्या पुस्तकात कोणते चालते ते पाहूनच बदलावे.

डिझेलची गोष्ट मला स्वतःला फार आश्चर्याची वाटली. डिझेलमध्ये मेण विरघळलेले असते. गारठ्यात त्याचे बारीक कण होतात, तेल गढूळ दिसते आणि ते कण फिल्टरच्या जाळीत अडकतात. म्हणून भारतीय मानकात हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे डिझेल वेगळे धरले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा, बाकीचे महिने उन्हाळा. डिझेल फिल्टरमध्ये ज्या तापमानाला अडायला लागते ते हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश चालते, उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश. प्रत्यक्षात पंपावरचे डिझेल याहून चांगले असू शकते, पण मानकाची हमी इतकीच. आता आमची जुनी सवय ऐका. दसऱ्याला डिझेलचे दोन कॅन भरून कोठीत ठेवायचे, "अडीअडचणीला असावेत" म्हणून. म्हणजे अडचणीच्या पहाटे आम्ही गाडीत उन्हाळ्याचे डिझेल ओतत होतो! हे कळल्यापासून तो साठा नोव्हेंबरच्या आतच वापरून संपवतो आणि डिसेंबरात ताजे भरतो. टाकी संध्याकाळी भरलेली ठेवतो. रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते तळाशी जाते. फिल्टरखालच्या खुंटीतून ते पाणी आठवड्याला सोडून द्यावे लागते. काहीजण डिझेल पातळ करायला रॉकेल मिसळतात. ते बेकायदेशीर आहे, आणि डिझेलचा तेलकटपणा कमी झाल्याने महागाचा पंप घासून खराब होतो.

जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात, जिथे इंधन एका छोट्या कोठडीत फवारले जाते, तिथे हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की त्यांचे टोक लालबुंद होते, डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तो विझल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. घाईतल्या माणसाला ते पंधरा सेकंद फार मोठे वाटतात. मी या वेळात मनातल्या मनात प्रार्थना करते. तेवढी प्रार्थना बरोबर पंधरा सेकंदांची झाली आहे. चारपैकी दोन प्लग जळालेले असले तरी उन्हाळ्यात ते कळत नाही, म्हणून तेही ऑक्टोबरातच तपासायचे. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मग मिनिटभर थांबावे. बॅटरीला दम खाऊ द्यावा, सेल्फची मोटरही जळत नाही. हेडलाइट, पंखा, रेडिओ त्या वेळी बंद.

मामा संध्याकाळी जे करतात त्याला मी गमतीने त्यांची सांजउपासना म्हणते. दहा कुमारींचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. मला तो मामांमुळे नव्याने कळला. वर येण्याची वेळ कोणालाच माहीत नव्हती, फरक होता तो फक्त तेल आधी भरून ठेवण्याचा. मामा गाडी गोठ्याच्या आडोशाला, तोंड उताराकडे करून लावतात, पुढच्या चाकाला दगड देतात. बॉनेटवर जुनी गोधडी टाकतात, म्हणजे दिवसाची ऊब थोडी टिकते. फार गारठा असेल त्या रात्री बॅटरी काढून चुलीच्या खोलीत आणून ठेवतात, चुलीपासून लांब. किल्ली, टॉर्च, जम्प केबल आणि चादरींचे बोचके एकाच खुंटीला.

धक्का स्टार्टवर विसंबू नका, असे आता मी सगळ्यांना सांगते. आमची जीप जुनी, तिचा डिझेल पंप यंत्राने चालणारा, म्हणून जमले. हल्लीच्या गाड्यांमध्ये इंधन संगणक सोडतो, बॅटरी पार बसलेली असेल तर उतारावर कितीही ढकला. आणि इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदतही बंद असते, पेडल दगडासारखे होते. घाटाच्या तोंडाशी हा प्रयोग कधीही करू नये. दुसरी गाडी मिळाली तर जम्प केबल बरी. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तिथे ठिणगी नको.

तशाच काही युक्त्या ट्रकवाल्यांकडून ऐकायला मिळतात. ऑईलच्या चेंबरखाली जळता बोळा धरणे ही त्यातली एक. एका वर्षी मी स्वतः तो मूर्खपणा केला. गळक्या तेलाने पेट घेतला, वायरिंगचा एक गुच्छ जळाला, आणि गाडी वाचली ती मुलांनी टाकलेल्या मातीमुळे. हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारणे ही दुसरी. हीटर प्लग लाल असताना तो मारला तर आत स्फोट होऊन पिस्टनच्या रिंगा तुटतात. काचेवर उकळते पाणी ओतले तर काच तडकते. गाडीत ऊब यावी म्हणून बंद काचांत शेगडी ठेवणारेही मी पाहिले आहेत. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि त्यात माणूस झोपेतच जातो. बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवणेही तसेच जीवघेणे.

गाडी सुरू झाली की लगेच अॅक्सिलरेटर दाबायचा मोह होतो. तेल अजून वरपर्यंत पोचलेले नसते. अर्धा-एक मिनिट तसेच फिरू द्यावे, ऑईलचा दिवा विझला आहे ना ते पाहावे, आणि निघावे. दहा-पंधरा मिनिटे जागेवर तापवत बसण्यात डिझेल वाया जाते, इंजिन तर चालवल्यानेच लवकर तापते. पहिले पाच-सहा किलोमीटर मात्र हळू. आपल्याकडे आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन पुरते गरम होतच नाही, डिझेल जास्त जाते आणि हीटरमधून थंड वारा येतो. आमच्याही गाडीत तो नव्हता. बसवल्यानंतर पहिल्यांदा आम्हाला कळले की जीपला हीटर आहे.

टायरची हवा दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंडाने उतरते, तेव्हा परतवाड्यात दुपारी भरलेली हवा पहाटे डोंगरावर कमी भरणारच. पहाटेच्या दवात सागाची मोठी पाने रस्त्यावर चिकटलेली असतात, त्यांवरून चाक साबणासारखे घसरते. फोर व्हील चढाच्या आधी टाकावी, अडकल्यावर नव्हे, आणि कोरड्या डांबरावर काढून घ्यावी. उतारावर लहान गिअर, ब्रेक कमीत कमी. नाला ओलांडला की हलके हलके ब्रेक दाबून ते सुकवून घ्यावेत. आत चार माणसांच्या श्वासाने काच धुरकट होते, अशा वेळी एक काच दोन बोटे उघडी ठेवली की निवळते. धुक्यात हेडलाइट खाली. आणि जंगलात रानगवे धुक्यातून अगदी शेवटच्या क्षणी दिसतात, म्हणून वेग तेवढाच, जेवढे पुढचे दिसते.

माणसांबद्दल थोडे. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवे. ओल्या अंगाने पाच अंशांच्या हवेत ते काही मिनिटांत उतरते. त्या पहाटे आशाताईंनी बाळाला पुसून कोरडे केले, टोपी नव्हती म्हणून स्वतःच्या ओढणीचा तुकडा डोक्याला गुंडाळला, आणि आईच्या चोळीच्या आत, कातडीला कातडी लावून ठेवले. वरून घोंगडी. माझ्या जीपला ४० मिनिटांत जे जमले नव्हते, ते त्यांनी दोन मिनिटांत केले. आता बोचक्यात बाळाच्या टोप्या, कोरडी फडकी आणि दोन चादरी कायम असतात, आणि रुग्णाला आत घेण्याआधी गाडी थोडी उबदार करून घेतो.

अकोल्याच्या बंधूंना मी हे सगळे फोनवर सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ताई, तुम्हाला नवी गाडी नकोच आहे." मी म्हटले, नवी बॅटरी हवी आहे, दर तीन वर्षांनी, न मागता. आणि गोठ्याशेजारी तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी अशी टिनाची शेड. त्यांच्या मंडळीने डिसेंबरच्या आत दोन्ही दिले. शेडवर कोणाच्या नावाची पाटी लावायची असे विचारले, तर त्यांनी पाटीही नको म्हटले.

बॉनेटवरची गोधडी बचतगटातल्या बायकांनी नवी शिवून दिली आहे, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. तिचे एकच संकट आहे. मागच्या पहाटे मी घाईत ती तशीच ठेवून निघाले आणि फाटकापर्यंत पोचायच्या आत जळका वास आला. त्या दिवसापासून मामा रोज रात्री गोधडीला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक स्टिअरिंगला बांधून ठेवतात.